पॅसेजमधला खरखरीत पट्टा

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
निवृत्त कर्मचारी वसाहत,
मुख्य इमारत, तळमजला.

विषय : निवासस्थान क्र. ब-१७ च्या भिंती आहेत तशाच, म्हणजे कुठे मऊ, कुठे गुळगुळीत व कुठे खरखरीत, ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस 'सर्व निवासस्थानांस एकसारखी चकाकी', दि. २० फेब्रुवारी.
२) अर्जदाराचा पहिला अर्ज, दि. २४ फेब्रुवारी (परत आला).
३) अर्जदाराचा दुसरा अर्ज, दि. २ मार्च (तोही परत आला).

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, हा अर्जदाराचा तिसरा अर्ज आहे. पहिला अर्ज खिडकीवरच्या बाईंनी परत केला, कारण त्यात 'मी, मी' फार झाले होते. अर्जात माणसाने स्वतःस 'अर्जदार' म्हणावे असे त्यांनी समजावले, ते पटले. दुसरा परत आला तो सहनिवासीची, म्हणजे अर्जदाराच्या पत्नीची, संमती नव्हती म्हणून. तिला दिसत नाही असे सांगितल्यावर बाईंनी नियमावलीचे पानच काढून पुढ्यात ठेवले : ज्यांना वाचता येत नाही अशा सहनिवासीस अर्ज साक्षीदारासमोर अक्षरशः वाचून दाखवावा व खाली डाव्या हाताचा अंगठा घ्यावा. नियम चांगलाच आहे. पण तो ऐकल्यापासून चार दिवस अर्जदार हा अर्ज लिहितो आहे आणि फाडतो आहे. त्याचे कारण परिच्छेद ६ मध्ये येईल.

२. अर्जदार याच खात्यात चौतीस वर्षे रंगारी होता. दवाखाना, शाळा, पाण्याच्या टाकीचा जिना, सगळे या हातांखालून गेले आहे. आपल्या खुर्चीमागची भिंतही अर्जदारानेच दोनदा रंगवली. तिच्या उजव्या कोपऱ्यात ओल येते ती रंगाने जाणार नाही, वरचा पाइप बघावा लागेल. हे जाता जाता लिहिले. सांगायचे एवढेच की रंग म्हणजे नुसता पिवळा की पांढरा एवढेच नसते. डोळ्याला एक रंग दिसतो आणि हाताला दुसराच लागतो. मॅट पिठासारखा मऊ लागतो आणि भिंतीची खोट झाकतो, पण तो डाग धरतो. त्यावर ओले फडके घासले तर डाग जात नाही, उलट घासले तेवढेच चकाकते. ऑइल पेंट गुळगुळीत आणि थंड, तेल उडाले तरी पुसून निघते, म्हणून तो स्वयंपाकघरात. सॅटिन या दोघांच्या मधला, धड इकडचा नाही की तिकडचा नाही. आपल्या नोटिशीत सगळ्या घरांना सॅटिनच लावायचे ठरले आहे. ज्याने ठरवले त्याने आयुष्यात भिंतीला पाठ सोडून दुसरे काही टेकवले नसावे. या वाक्याबद्दल क्षमस्व, पण ते खोडत नाही.

३. सहा वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की पत्नीची नजर कडांकडून आत विझत येईल आणि त्यावर औषध नाही. त्या दिवशी तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घातले होते, सगळे धूसर. घरी आल्यावर ती एकटीच भिंतीला हात लावून आत गेली आणि आतून म्हणाली, अहो, हा तुमचा ऑइल पेंट लागला हाताला, म्हणजे ओटा आला की! आणि हसली. अर्जदाराला हसू आले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ब्रश भिजत घातले.

४. तेव्हापासून चार वर्षे खपून अर्जदाराने घर बांधले, असे म्हटले तरी चालेल. आतल्या खोलीपासून निघालेल्या पॅसेजला मॅट. न्हाणीघराच्या दाराशी रोलरचे दाणे उठवलेला जाड रंग. स्वयंपाकघर लागले की ऑइल पेंट, थंडगार. आणि पॅसेजच्या शेवटी, जिन्याकडच्या दाराच्या अलीकडे दोन फूट, रंगात अर्धी वाटी रेती मिसळून मारलेला पट्टा. खरखर आली की थांब, पुढे जिना आहे, हा त्याचा अर्थ. रंग सगळीकडे एकच, फिकट पिवळा, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळत नाही. येथे एक गोष्ट नोंदवावी लागते. चौतीस वर्षांच्या पॉलिश पेपरने आणि थिनरने अर्जदाराच्या बोटांची पेरे बधिर झाली आहेत. गरम कप हातात धरल्याचे त्याला जरा उशिरानेच कळते. म्हणून तो फळीच्या तुकड्यांवर नमुने करी आणि पत्नी बोट फिरवून निकाल देई. हे पास. हे नापास. हे काय केलंत, याला काय भिंत म्हणतात? रेतीचा पट्टा सातव्यांदा पास झाला. उरलीसुरली नजर जाईपर्यंत तिने घर पाठ केले होते. ती एकटी स्वयंपाक करी, एकटी दार उघडी, आणि अर्जदाराचा चष्मासुद्धा तीच शोधून देई.

५. रोज हात फिरून फिरून पॅसेजच्या मॅटवर कमरेच्या वर एक काळपट, चकचकीत वाट पडली होती. ती मळकट दिसे हे खरे आहे. फेब्रुवारीत तपासणीची सूचना आली आणि अर्जदाराला त्या डागाची लाज वाटू लागली. रंगाऱ्याच्या घरात डाग! तपासनीस साहेब काय म्हणतील? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, तशातली गत. दि. १७ फेब्रुवारीस सकाळी त्याने माळ्यावरून उरलेल्या सॅटिनचा डबा काढला. पत्नीला वास सोसत नाही म्हणून तिला आतल्या खोलीत दार लावून बसवले. डाग झाकतो आहे, पट्ट्याच्या अलीकडेच थांबेन, असे तिला सांगितले.

६. आता लिहिणे भाग आहे. अर्जदार पट्ट्याच्या अलीकडे थांबला नाही. रेडिओ चालू होता, हाताला लय लागली होती, आणि रंग तर सगळीकडे सारखाच. पॉलिश पेपर फिरवत तो पुढे पुढे गेला. दाणे लागले असतील तर त्याच्या बोटांना ते कळले नाहीत. मध्येच काही खरखरले तेव्हा जुन्या रंगात बसलेली घाण समजून त्याने ते अधिक जोर लावून घासले. वर दोन हात सॅटिन मारले. वास जावा म्हणून जिन्याकडचे दार सताड उघडे ठेवले आणि ब्रश धुवायला तो खाली नळावर गेला. दुपारपर्यंत रंग हाताला सुकला होता. शेजारच्या शिंपीणबाईंनी चहाला हाक मारली. पत्नी निघाली, डावा हात भिंतीवर. ती खरखरीची वाट बघत चालत राहिली. खरखर आलीच नाही. पाच पायऱ्या ती खाली गेली. डाव्या मनगटाचे हाड मोडले.

एवढे असते तरी माणूस सांगून मोकळा झाला असता. पण शिंपीणबाई तिला दवाखान्यात घेऊन बसल्या होत्या तेव्हा अर्जदार कपडे आणण्याच्या निमित्ताने घरी आला आणि त्याने तो पट्टा पुन्हा केला. अर्धी वाटी रेती, डब्याच्या झाकणावर प्रमाण लिहिलेलेच होते. संध्याकाळी ती घरी आली, उजव्या हाताने भिंत चाचपली, तर पट्टा जागच्या जागी. ती म्हणाली, पट्टा तर आहे हो. मग माझाच हात चुकला. अर्जदार गप्प बसला. तेव्हापासून ती आतल्या खोलीत खुर्चीवर बसून आहे. न्हाणीघरात जायचे तरी हाक मारते. हाताचा भरवसा गेला, म्हणते. डोळे गेले तेव्हा ती रडली नव्हती. अर्जदार भित्रा आहे. हे त्याने आजवर कोणालाही सांगितलेले नाही आणि पहिल्या दोन अर्जांतही लिहिलेले नव्हते.

७. पुढचा प्रकार म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दि. १८ रोजी तपासनीस साहेब आले. त्यांनी उंबऱ्यात उभे राहून पॅसेज पाहिला, कुठल्याही भिंतीला हात लावला नाही, आणि अहवालात लिहिले : ब-१७ चा पॅसेज नमुनेदार. हीच चकाकी सर्वत्र असावी. त्यावरूनच आपली नोटीस निघाली. म्हणजे ज्या कामाने बायकोचे मनगट मोडले, त्याच कामाचा आज वसाहतीत नमुना म्हणून मान होतो आहे, आणि दि. १६ मार्चला रंगारी ब-१७ मध्ये येऊन तेच काम सर्व खोल्यांत, पट्ट्यासकट, करणार आहेत.

खिडकीवर सांगितले की दृष्टीची बाब कल्याण विभागाकडे. कल्याण विभागाने सांगितले की भिंतीची बाब देखभालीकडे. फार तर भिंतीला धरायला कठडा मिळेल. कठड्याच्या फॉर्मवर लिहिले आहे की कठडा नव्याने रंगवलेल्या भिंतीवरच बसवला जाईल. एका भल्या गृहस्थांनी सल्ला दिला, एकदा त्यांना रंगवू द्या, मग वरून हवे ते मारा. नोटिशीच्या सातव्या कलमाप्रमाणे पाच वर्षे भिंतीत बदल करता येत नाही. आणि करायचे म्हटले तरी पास-नापास कोण ठरवणार? ज्या हाताने ठरवायचे तो महिनाअखेरपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. रंगाऱ्यांना अडवल्यास 'देखभालीस अडथळा' समजून निवासस्थानाचा फेरविचार होईल, हेही वाचले.

८. तरी विनंती अशी की, ब-१७ च्या भिंतींना हात लावू नये. भीक नको पण कुत्रा आवर, अशी स्थिती आहे. ते शक्य नसल्यास कमरेपासून खांद्यापर्यंतचा पट्टा सोडून वर-खाली हवे तेवढे चकाकवावे. तेही शक्य नसल्यास पॅसेजच्या शेवटचे दोन फूट तरी सोडावेत. ते कुरूप दिसतात असे अर्जदार लिहून देईल. हवी तर तेथे 'ही भिंत विभागाच्या मान्यतेची नाही' अशी पाटी तो स्वखुशीने व सुवाच्य अक्षरात रंगवून लावेल. यातले काहीच बसत नसल्यास आपण स्वतः एकदा यावे. आतल्या खोलीत डोळे मिटावेत आणि डावा हात भिंतीला लावून जिन्याकडे चालत जावे, आधी आजच्या भिंतीवरून आणि मग सोळा तारखेनंतरच्या भिंतीवरून. दार उघडे असेल. अर्जदार खालच्या पायरीवर उभा राहील.

आपला नम्र,
आणि या खेपेस खरे लिहिलेला,
(सही)
निवृत्त रंगारी, ब-१७
दि. ६ मार्च

सोबत : १) डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला.
२) मनगटाचा एक्स-रे.
३) फळीचे तीन तुकडे : मॅट, ऑइल पेंट, रेती. कृपया बघू नयेत, हात लावावा.

अर्ज वाचून दाखविल्याचा दाखला

सदर अर्ज सहनिवासीस आज सकाळी अकरा वाजता शेजारच्या शिंपीणबाईंसमोर पहिल्या ओळीपासून अक्षरशः वाचून दाखवण्यात आला. परिच्छेद ६ अर्जदारास वाचवेना म्हणून तो शिंपीणबाईंनी वाचला. सहनिवासीने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग त्यांनी विचारले, म्हणजे माझा हात चुकला नव्हता? नव्हता, असे अर्जदाराने सांगितले. त्यानंतर त्या अर्जदारास जे जे बोलल्या ते या अर्जाच्या कामाचे नसल्याने येथे घेतलेले नाही. ते सर्व अर्जदारास मान्य आहे.

यानंतर सहनिवासी सतरा दिवसांत प्रथमच खुर्चीवरून आपल्या आपण उठल्या. डाव्या बाजूची भिंत उजव्या हाताने चाचपायची म्हणून तिरक्या तिरक्या पॅसेजमधून गेल्या. अर्जदार मागून निघाला तर त्यास तिथेच थांबण्यास सांगितले. जिन्याकडचे दार उघडे होते. पट्टा लागताच त्या थांबल्या. दोनदा बोटे फिरवून म्हणाल्या, रेती कमी पडली आहे. नापास.

अर्जात पुढील मजकूर घालावा असे सहनिवासीने सांगितले, तो त्यांच्याच शब्दांत : साहेब, सोळा तारखेला सकाळपासून मी या पट्ट्याला पाठ लावून खुर्ची टाकून बसणार आहे. रंगाऱ्यांना आधी मला रंगवावं लागेल.

नियमानुसार डावा अंगठा हवा. डावा हात प्लास्टरमध्ये असल्याने उजवा घेतला आहे, चालवून घ्यावा.

(सहनिवासीच्या उजव्या हाताचा अंगठा)
(साक्षीदार : शेजारच्या शिंपीणबाई, ब-१८, सही)