धुई पिणारी मुळं

बाबा, मी झाडावर चढतो आहे आणि मायला हे माहीत नाही. तिला वाटतं मी रस्त्याच्या कामावर रोपांना पाणी घालतो. सकाळी डब्यात भात भरताना ती रोज म्हणते, "झाडाखाली नोको बसू, फांदी पडन." मी म्हणतो, "खालीच असतो माय, पण लांब बसतो." आणि डबा उचलून निघतो. तुम्ही मोहाच्या झाडावरून पडून गेलात तेव्हापासून तिनं आपली शिडीसुद्धा शेजाऱ्याला देऊन टाकली आहे. कवेलू फेरायला परका माणूस छपरावर चढतो आणि मी खालून त्याच्या हातात एकेक कवेलू देतो. तिच्यापाशी मी एकटाच उरलो, असं ती बोलत नाही, पण मी घरी आल्यावर माझ्या हातापायांकडे आधी बघते.

मार्कंड्याकडे जाणारा रस्ता रुंद होतो आहे. कडेचे जुने मोह आणि आंबे पडणार आहेत. त्यांच्या अंगावर जाड, चिवट पानांची आमरी वाढते. झाडं पाडायच्या आधी ती सोडवून दुसऱ्या झाडांवर बांधायची, असं काम निघालं. आमचा मुकादम तुमच्याच वयाचा, सगळे त्याला भाऊ म्हणतात. आम्ही सगळी धानाच्या शेतीतली माणसं. पायाशी पाणी उभं दिसलं की आम्हाला बरं वाटतं. म्हणून बादली पोहोचेल अशा उंचीवर, बुंध्याला, चिखल थापून आणि वरून पोतं गुंडाळून आम्ही ती बांधली आणि दोन्ही वेळ भिजवली. भाऊ म्हणायचे, "धानाले पानी अन् लेकराले दूध, कवा जास्त होते का गा?" थोड्या दिवसांत पानं पिवळी पडली. पोतं सोडलं तर मुळं तपकिरी झालेली, चिमटीत धरताच साल निसटून हातात येत होती आणि वास येत होता.

मग कॉलेजातल्या एक बाई आल्या. त्या रागावल्या नाहीत. खाली बसून त्यांनी एक जिवंत मूळ आम्हाला दाखवलं. म्हणाल्या, ही आमरी म्हणजे ऑर्किड, हिला झाड फक्त बसायला लागतं, हिची मुळं झाडाच्या आत जात नाहीत. मुळावरचा पांढरा थर मेलेला आणि पोकळ असतो. पाऊस, दव, धुकं म्हणजे आपली धुई, जे लागेल ते तो टिपतो आणि आतल्या जिवंत मुळाला देतो. मग मात्र त्याला वाळायला मिळालं पाहिजे, नाही तर आतलं मूळ गुदमरतं. जमवलेलं पाणी ती जाड पानांत राखून ठेवते, आणि ते उन्हात उडू नये म्हणून पानांची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडते. "हिला वर बांधा," बाई म्हणाल्या, "वारा आणि धुई मिळेल अशा जागी." भाऊ म्हणाले, "वर कोन चढते बाई? माहा गुडघा त माहंच आयकत नाई." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण सगळ्यांत हलका मीच.

पण बाबा, मी मागं सरलो तो नुसता चढण्याच्या भीतीनं नव्हे. आठवतं, मी एकदा फुलं आलेला असाच एक झुबका घरी आणला होता. तुम्ही तो माझ्या हातातून हिसकून उकिरड्यावर फेकला होता. "झाडाचं रक्त पिते ते बांडगूळ. घरात आनतो काऊन?" बांडगूळ खरंच फांदीत शिरून तिचा रस पितं, ते तुमचं बरोबर होतं. पण तुम्ही दोन्हींना एकच समजत होता. मोह फुलायच्या आधी दर वर्षी वर चढून दोन्ही खरवडून काढायचात. तुम्ही पडलात त्या दिवशी लोक तुम्हाला खाटेवर घेत होते आणि मी तुमच्या मुठीकडे बघत होतो. मुठीत लठ्ठ, पांढरी, बांगडीसारखी वळलेली मुळं होती. ती आता मी ओळखतो. आपल्या मोहाचं ती काहीच घेत नव्हती. माय अजून सगळ्यांना सांगते, मोह वाचवायले चढले होते. तिला मी हे सांगणार नाही.

आज सकाळी वैनगंगेवरून दाट धुई आली होती. कमरेला दोर, खांद्यावर आमरीचा झुबका, आणि मी चढतो आहे. खालून भाऊंचा आवाज येतो, "अबे, झाडाले मिठी मारून राह्यला का चढून राह्यला? लगन लावून देऊ का?" सगळे हसतात. दुसऱ्या बेचक्यात बसून मी जुन्या लुगड्याच्या पट्टीनं झुबका बांधतो, मुळं सालीला टेकवून. खाली जमीन दिसत नाही, फक्त धुई, म्हणून हात चालतात. माझ्या नाकासमोर एक पांढरं मूळ आहे. त्यावर बारीक थेंब बसतात आणि बघता बघता ते हिरवं होत जातं. ते पीत होतं, बाबा. मी श्वास धरून बघत राहिलो. आणि मग धुई विरळ झाली, आणि खाली जमीन दिसली, फार खाली. फांदीवरचे हात सुटेनात. "पाय टाक गा खाली," भाऊ ओरडत होते, "डावा! अबे, जेवाचा हात कोनता, त्याच्या उलटा!" कितीतरी वेळानं मी गाल खरचटून खाली आलो.

मायनं गाल पाहिला. मी म्हणालो, बोरीचा काटा लागला. तिनं हळद लावली आणि आणखी काही विचारलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटते. उद्या पुन्हा चढायचं आहे. बांधलेली जगतील की नाही ते बाईंनाही ठाऊक नाही, आणि मी नाही म्हटलं तर बाकीची खालीच कुजतील. हा कागद घरात ठेवता येणार नाही. मायला वाचता येत नाही, पण शेजारची पोर तिला सगळं वाचून दाखवते. म्हणून लिहून झालं की चुलीत घालीन.

भाऊ सगळ्यांना सांगत होते, "पोरगं वरतून बापाले हाका मारून राह्यलं होतं." मी त्यांना तसंच सांगू दिलं. पण बाबा, वर अडकलो तेव्हा माझ्या तोंडून तुमचं नाव आलं नाही. मी माय, माय म्हणत होतो.