अंगठा पाहिला नाही

मंगळवार, डहाणू. संध्याकाळ.

आज तलासरीकडच्या पाड्यावरच्या सुनंदाबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. भूल देणारा मी. शेवटी स्नायू सैल करणाऱ्या औषधावरचा उतारा दिला आणि ताकद परत आली का पाहायला नेहमीसारखं म्हटलं, "मावशी, डोकं उचला." उचललं नाही. पुन्हा सांगितलं, जरा आवाज चढवून. नुसत्या बघत राहिल्या.

"यांना मराठी कळत नाही वाटतं," मी सिस्टरना म्हणालो, "तुम्ही त्यांच्या बोलीत सांगा." त्यांनी सांगितलं. तरी नाही. वैतागून मी श्वासाची नळी काढून टाकली.

श्वास उथळ पडला, ऑक्सिजन उतरायला लागला. मास्क लावून बॅग दाबत राहिलो आणि तेव्हा कुठे मनगटाला मशीन लावलं, नसेला बारीक झटके देऊन अंगठा किती हलतो ते पाहायचं. अंगठा एकदा हलला, मग कमी कमी होत थांबला. औषध अजून अंगात होतं. उतारा आणखी द्यावा लागला.

मशीन ट्रॉलीच्या खणातच होतं. अंगठा आधी का नाही पाहिला? पुढची केस थांबली होती म्हणून? पण डहाणूतल्या एखाद्या शिक्षिकेने डोकं उचललं नसतं, तर मला भाषेची शंका आली असती का? औषधाचीच आली असती. अंगठा पाहिला असता.

घरी निघण्याआधी वॉर्डात गेलो, माफी मागायलाच. पण त्याच आधी बोलल्या, मराठीत. "सर, सगळं ऐकू येत होतं. लय जोर लावला, डोकं उचललंच नाही. रागावू नका."

मी म्हणालो, "नाही रागावलो."

म्हणजे माफ मीच केलं त्यांना.