पूर्वेच्या भिंतीखालची सही मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
सार्वजनिक इमारती विभाग.

विषय : जुन्या रुग्णालयाच्या संगणकीय प्रतिकृतीवरील सही रद्द करणे व गच्चीवरील टाक्या रिकाम्या करणे.
संदर्भ : ‘इमारत प्रतिकृतीशी जुळते’ असे कळवणारे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदया,

१. अर्जदार आपल्या विभागात अकरा वर्षे मोजणीदार आहे. लेसरचे यंत्र तिपाईवर गोल फिरत भिंतीवरच्या लाखो बिंदूंचे अंतर टिपते आणि त्यावरून कार्यालयात इमारतीची प्रतिकृती तयार होते. गेल्या वर्षी अर्जदाराने जुन्या रुग्णालयाची अशी मोजणी केली. वरच्या मजल्यावरील महिला कक्षाची पूर्वेची भिंत माथ्याशी बासष्ट मिलिमीटर बाहेर कललेली निघाली.

२. प्रतिकृतीत मात्र ती भिंत ओळंब्यात आहे. आरेखकांना विचारता ते म्हणाले, "भिंती सरळच काढायच्या असतात, दादा. वाकडी काढली तर खिडक्या बसत नाहीत." त्यांच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. ‘मोजणीशी जुळते’ या शेऱ्याखाली सही अर्जदाराचीच आहे. त्या दिवशी चाळीस नकाशे समोर आले, जेवणाची वेळ टळून गेली होती, आणि अर्जदाराने पाने न उलटता सह्या ठोकल्या.

३. त्या भरवशावर गच्चीत चार टाक्या बसल्या. त्या भरल्याचे कळताच अर्जदाराने रजा टाकली. त्याने पुन्हा मोजणी केली, तेव्हा कल एक्क्याऐंशीवर गेलेला होता. अर्जदाराने तीन पत्रे लिहिली. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आले की मंजूर प्रतिकृतीत भिंत सरळ असल्याने कल संभवत नाही. तिसऱ्यानंतर विनापरवानगी यंत्र नेल्याबद्दल खुलासा मागवण्यात आला.

४. अर्जदाराची धाकटी बहीण त्याच कक्षात परिचारिका आहे. तिला सारे सांगितले, तेव्हा तिने एवढेच विचारले, "किती खाटा सरकवू?" भिंतीलगतच्या सहाही खाटा तिने पलीकडे दाटीवाटीने लावल्या. रुग्ण कुरकुरल्या, नातेवाईक भांडले. शेवटी खाटांची मांडणी प्रतिकृतीप्रमाणे नाही म्हणून तिला मेमो मिळाला.

५. काल सकाळी साडेदहाला त्या भिंतीच्या माथ्याचा दाराएवढा गिलावा पाचव्या खाटेच्या मूळ जागी कोसळला. खाट तेथे नव्हती. तिच्यावरची ऑपरेशन झालेली बाई पलीकडे झोपली होती. इमारतीचे पर्यवेक्षक आले, ढिगारा झाडून घेतला आणि खाटा पूर्ववत लावण्यास आज दुपारपर्यंत मुदत देऊन गेले.

६. तरी अर्जदाराची सही रद्द करावी, टाक्या आजच रिकाम्या कराव्यात आणि कक्ष तळमजल्यावर हलवावा. शक्य तर आपण स्वतः येऊन भिंतीला ओळंबा लावून पाहावा. पाच मिनिटे लागतात.

७. हा अर्ज लिहीपर्यंत मुदत संपली आहे. बहिणीने एकही खाट मागे नेलेली नाही, नेणारही नाही. कारवाई करायचीच असेल तर अर्जदारावर करावी. खाटा हलवायला त्यानेच सांगितले.

आपल्या येण्याची वाट पाहणारा,
(सही)
मोजणीदार
दिनांक : १४, दुपारी अडीच

सोबत : दोन्ही मोजण्यांचे आकडे, खुलासा, मेमोची प्रत, गिलाव्याचे छायाचित्र (झाडण्यापूर्वीचे).