वाकड्या शिवणीमागे

३ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझी लेक शेजारीच असते, म्हणून पत्रच लिहिते. ती म्हणते कायमची इथं परदेशातच राहा, आणि तू मला विचारतेस काय करू. अगं, साठी उलटली तरी अक्काला विचारूनच पाऊल टाकणार का? राहा. पोटची पोर आग्रह करतेय, जावई भला माणूस आहे, आणखी काय हवं? शिवणाचं दुकान दोघींनी तीस वर्षं चालवलं, आता मी एकटी चालवीन. काजं तू करायचीस, ती आता मी करते. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, ह्यातून बटण घालायचं की लिंबू? मेल्याला नजरच नाही.

लेकीला होकार देऊन टाक. माया आहे तशीच राहू दे.

तुझी अक्का

१९ मे

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. रविवारी होकार द्यायचं ठरवलं, पण मध्ये शनिवार आला.

लेक मला जुन्या बंदराचं शहर दाखवायला घेऊन गेली. पाण्याला लागून दगडी गोदामं, रंगीत घरं, पुलांवर पूल. गाईडबाई लाल छत्री उंच धरून पुढे, आम्ही वीसजण मागे. छत्रीवरून नजर हलवू नकोस, असं लेकीनं दहादा बजावलं. पण माझ्यापुढे एक गृहस्थ होते, त्यांच्या कोटाची पाठीची शिवण इतकी वाकडी की बघवेना. कुठं उसवावी, कुठं दाबावी, याचा मनात हिशोब करत मी शिवणीमागे चालत राहिले. ते होडीत चढले, मीही चढले. होडी सुटल्यावर मान वर केली, तर लाल छत्री काठावरच, आणि लेक दोन्ही हात हलवतेय. मीही हौसेनं हात हलवला.

मोबाइल तिच्या पर्समध्ये. पलीकडे उतरून पोलिसाला गाठलं. भाषेची बोंब, म्हणून त्यानं कागद पुढे करून खुणेनं घरचा पत्ता मागितला. मी लिहिला. तो वाचून हसला आणि हातानं विमान उडवून दाखवलं. तेवढ्यात पुढच्या होडीनं लेक आली. तिनं आधी मला झापलं, मग कागद पाहिला. आपल्या दुकानाचा पत्ता होता, अक्का, पिनकोडसकट. चार महिने तिच्याकडे राहतेय, आणि तिचं घर मला सुचलंच नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आई, तुझं तिकीट काढते. रागावून नाही." मग गळ्यात पडून रडली. मीही रडले. तिला दुखवल्याचा सल आहे, तरी जीव हलका झालाय. येत्या बारा तारखेला पोचते.

लोभ आहेच, ओरडा जरा कमी असावा.

तुझी धाकटी

२ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आधी लेकीला जवळ घे. आईला ठेवून घेणं सोपं, पाठवणं अवघड. पोरगी आपल्या दोघींपेक्षा शहाणी निघाली. दरवर्षी महिनाभर तिच्याकडे जायचं, हे मी ठरवून टाकलंय. तुला विचारत नाही.

आणि खरं सांगते. 'राहा' एवढं लिहायला मला तीन कागद लागले, दोन भिजले. दुकान एकटीनं चालवता येतं गं, पण एकटीनं घास उतरत नाही. लवकर ये.

वाट पाहणारी,
अक्का