जाऊबाईंना दिलेल्या दोन पेट्या

माघ शुद्ध अष्टमी, गुरुवार. दिवेलागण.

आज जाऊबाई स्वतःहून आल्या. बाग एकत्र होती तेव्हा त्यांनीच ऐन बहरात, भर दुपारी फुलांवर विष फवारायला लावलं. मेलेल्या मधमाशा मी झाडूने गोळा केल्या. तर हसून म्हणाल्या, "माशाच त्या वं, माणसं थोडी मेली!"

वाटणीत त्यांना मौद्याकडची बाग गेली. यंदा त्यांची संत्री बुरशीने गळाली, आमची टिकली. आमच्याकडे मधमाशी तिच्या पेटीच्या तोंडाशी ठेवलेल्या, बुरशी मारणाऱ्या औषधी भुकटीतून चालत बाहेर पडते अन् ती फुलाफुलाला लावते. भुकटीचं त्यांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं, सगळी माशांचीच करामत.

"सुमन, दोन पेट्या आम्हाले दे न वं. काहून एवढा राग धरून राहिली?"

"न्या न," म्हटलं. चहाही दिला, साखर घालून.

पेट्या गेल्या. भुकटी मी दिलीच नाही. विचारलं असतं तर दिली असती? नाही. फळं धरतील, अन् मग गळतील. तो झाडू काही डोळ्यांसमोरून जात नाही.

देवापुढे सगळ्यांसाठी मागितलं, जाऊबाईंचं नाव गाळून. भुकटीचं सांगायला फोन मात्र केला नाही. देव बघतोय, बघू दे.