तक्त्यावर लिहिलं: साफ

सोमवार, ४ तारीख
वही ठेवून गेलीस, पेन विसरलीस. आजीला अक्षर येत नाही, हेही विसरलीस! डोकं आहे की चाळण गं नाती? शेजारच्या खाटेवर एक मास्तरीण पाय प्लास्टरमध्ये घालून पडलीय, हात मोकळे आहेत. मी बोलते, ती लिहिते. शुद्धलेखन तिचं, तोंड माझं.

खाट खिडकीजवळची मिळाली. मांडीचं हाड मोडलेलं नाही, नुसती चीर आहे म्हणाले. दुखू नये म्हणून दिवसाला तीन गोळ्या. गोळ्या झकास! मांडी माझी नव्हेच असं वाटतं. संडास मात्र वॉर्डाच्या पार त्या टोकाला. म्हणून पाणी घोटभरच पिते, दर वेळी कुणाला हात द्यायला लावायचं?

मंगळवार, ५
पायथ्याशी एक तक्ता टांगलाय. सकाळी नर्स येते आणि त्या तक्त्यालाच विचारते, लघवी साफ? मी म्हटलं, साफ. तिने लिहिलं, पुढची खाट गाठली. चाळीस खाटा आणि ती एकटी, तिचं तरी काय! पण आपल्या घरात कुणी माझी इतक्या नेमाने चौकशी केली नव्हती हो.

समोर एक शिवणकाम करणारी बाई आहे. तिचे पाय सुजलेत, अंगठी बोटात रुतलीय. तिच्याही तक्त्यावर साफ. मास्तरीण लांबचा चष्मा लावून सगळ्यांचे तक्ते वाचते, सवयच तशी.

बुधवार, ६
दोनदा उलटी झाली. कालपासून लघवीला एकदाच गेले, तीही चमचाभर, काळ्या चहासारखी. आधी बरंच वाटलं, चालायचं वाचलं. नर्सने विचारलं, साफ? मी म्हटलं, साफ बंद! वाटलं, हसेल. तिने ‘साफ’ ऐकलं, तेवढंच लिहिलं. ‘बंद’ तिच्या पाठीला सांगितलं मी.

गोळ्या तिन्ही घेतल्या.

गुरुवार, ७
आज थेंब नाही. नर्सला म्हटलं, बाई, कालपासून खाटेखाली ठेवलेलं लघवीचं भांडं तरी बघा. कोरडं दिसलं तर म्हणते कशी, कुणीतरी रिकामं करून ठेवलं वाटतं. डॉक्टर आले, तक्ता वाचला, आजी ठणठणीत म्हणाले. गोळ्या चालू ठेवा.

दुपारी शिवणकामवालीला श्वास लागला. ढकलगाडीवर घालून नेली. चादर बदलली. तक्ता तसाच आहे. मास्तरीण म्हणते, आजच्या तारखेलाही लिहिलंय — साफ.

शुक्रवार, ८
पाय फुगले. बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. तोंडात लोखंडाची चव. तुझं नाव — मगाशी आठवेना. मास्तरणीला विचारलं, तिला कुठून ठाऊक असणार. हस आता.

नर्स अजून आली नाही. मास्तरणीने काठीने माझा तक्ता जवळ ओढला. मग म्हणाली, आजचं साफ लिहून झालंय. उद्याचंही. परवाचंही —

शनिवार, ९
मास्तरणीने तक्त्याचं ते पान फाडलं. मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं, दोन दिवस लघवी नाही. काठीने खाट बडवली, ओरडली. दुसऱ्याच डॉक्टरीणबाई आल्या. तक्ता नाही, मला बघितलं — पहिल्यांदाच कुणी. रक्त नेलं. परत आल्या तर चेहरा उतरलेला. म्हणाल्या, मूत्रपिंडं बंद पडलीत. या गोळ्या कुणी चालू ठेवल्या? बुधवारी कळतं तर गोळ्या थांबवून, सलाईनवर भागलं असतं. आता रक्त गाळायचं मशीन —

रोज सांगत होते गं. रोज.

धाप — थांब, मास्तरीण, लिही, हे लिहीच. नाती, डबा पाठवशील. केळं नको, संत्र्याचा रस नको, त्याने आता काळीज थांबतं म्हणे. मीठ नको. मऊ भात, दोनच घास. आणि डबा या खाटेवर पाठवू नकोस. आधी विचार, आजीला कुठे नेलं — भात कोमट — आणि विचारशील तेव्हा तक्ता नको वाचूस, तू स्वतः —