माहुरात एक तरी मित्र

३० मे, शनिवार. लातूर.
जेवताना अक्षरानं विचारलं, "बाबा, तुमचा मित्र कोण?" मी तीन नावं सांगितली. बायकोनं, शिवकांतानं, तिन्ही खोडली. एक माझा मावसभाऊ, दुसरा आमच्या कॉलेजातला क्लार्क, तिसरा २०११ मध्ये वारला.
विचार केला. आक्षेप रास्त आहे. वय शेहेचाळीस, दोन पदव्या, मित्र शून्य.
निर्णय: सोमवारी बॅकपॅक घेऊन एकट्यानं माहूर. डोंगरातलं छोटं गाव, ओळखीचं कुणी नाही. व्हिडिओतले बॅकपॅकर दर मुक्कामाला मित्र करतात. मला एकच हवा. नातेवाईक नको, स्वतः कमावलेला.
शिवकांता म्हणाली, धोंड्याचा महिना चालू आहे, आई-अप्पा उमरीला जेवायला बोलावतायत, आणि तुम्ही डोंगरात? मी म्हणालो, जावई म्हणून मान घेणं मला तत्त्वतः पटत नाही.
(अनारसे मात्र आवडतात. हे इथं लिहिणं प्रामाणिकपणाचं.)

१ जून, दुपारी १२. नांदेडचा बसस्टँड.
एसटीत शेजारी ज्ञानोबा नावाचे गृहस्थ होते. ओळख करून घ्यायला मी हात पुढं केला. त्यांनी त्या हातात पिशवी दिली, वर ठेवायला. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून दोन तास झोपले. विश्वास असल्याशिवाय माणूस असा झोपत नाही. इथं उतरताना त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. गर्दी होती.

२ जून, सकाळी ११. माहूर.
बॅग चौदा किलो. रेणुकामातेच्या निम्म्या पायऱ्या चढलो आणि स्वतःला विचारलं, मी दर्शनाला आलोय की मित्र करायला? खाली उतरलो.

सायंकाळी ६.
मिळाला. महेबूब. स्टँडजवळ चहाची टपरी, वय माझ्याइतकंच. मला पाहून ओरडला, "ओ सिलेंडरवाले, कुटं घेऊन चाल्ले? टेका हितं, च्या घ्या." दीड तास बोललो. माझ्या टोपीवर पोट धरून हसला. आधी "तुमी", दुसऱ्या कपाला "तू". निघताना म्हणाला, "सकाळी सातला ये बे, किल्ला दाखवतो. लोळत नको पडू."
मला 'बे' म्हणणारा माणूस कॉलेजचं शिक्षण संपल्यापासून भेटला नव्हता. खरं तर तेव्हाही नव्हता.

३ जून, सकाळी ९.
किल्ल्याच्या वाटेवर महेबूबनं सहज विचारलं, सासुरवाड कोणती? मला खोटं बोलता येत नाही. उमरी म्हणालो. उमरीत कोणाकडं? वीरण्णा कापडवाल्यांकडं.
तो जागच्या जागी थांबला. हातातली बिडी टाकून दिली. तो मूळचा उमरीचा, सातवीपर्यंत शिवकांताच्या वर्गात. "आवो, तुमी शिवकांताचे मालक? आमचे दाजी? आन मी तुमाला बे म्हणलो."
बॅग हिसकावून घेतली. तिथून पुढं तो माझ्या मागून चालला. मी म्हणालो, महेबूब, 'तू'च म्हण की. म्हणाला, "न्हाई जमायचं दाजी. आमच्या गावचे जावई तुमी. त्यात धोंड्याचा महिना."
हा धक्का तात्पुरता असावा. ओसरेल.

४ जून, दुपारी ३.
महेबूबनं काल उमरीला फोन लावला होता. आज अप्पा जीप करून हजर. सोबत धोंडे, आणि सासूबाईंनी मोजून दिलेले तेहतीस अनारसे. टपरीसमोर पाट मांडला. महेबूब पाणी ओतत होता, अप्पा माझे पाय धूत होते, नागपूरच्या गाडीचे प्रवासी खिडकीतून बघत होते. टॉवेल-टोपीही झाली. आता स्टँडवरचा पानवालासुद्धा दाजी म्हणतो.
तत्त्वाचा प्रश्न होता. पण अप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. नऊ अनारसे खाल्ले.
निघताना महेबूबला बाजूला घेतलं. लातूरला ये, पण दाजीकडं नाही, मित्राकडं. तो "हाव दाजी" म्हणाला. यातला 'हाव', म्हणजे होकार, महत्त्वाचा.

१३ जून, शनिवार. लातूर. रात्रीचे ८.
महेबूब आला. त्याच्या मुलीला, उमैमाला, क्लास लावायचा होता. मी सकाळपासून तयारी केली होती: गच्चीवर दोन खुर्च्या, गप्पांसाठी चार विषय.
तो थेट स्वयंपाकघरात गेला. "ए शिवकांते, गणितात माझंच बघून पास झालीस, सांग की तुझ्या पोरीला." शिवकांता म्हणाली, "तुझं बघितलं असतं तर अजून सातवीतच असते." अक्षरा हसून हसून खाली बसली. मीही आत गेलो.
महेबूब उठून उभा राहिला. अक्षराही उठली. "हितं लई गरम हाय दाजी. तुमी हॉलमदी बसा, च्या मी आणून देतो."
बसलो. आत पुन्हा हसणं सुरू झालं.
थोड्या वेळानं तो चहा घेऊन आला. मी सोफ्यावर सरकून जागा केली. त्यानं कप ठेवला, टेबलफॅन माझ्याकडं वळवला आणि परत आत गेला.